टायट्रेशनमधला गुलाबी रंग टिकत नाही, रीडिंग जुळत नाहीत: कारण कसं शोधायचं

शेवटचा थेंब पडतो, फ्लास्कमधलं द्रावण फिकट गुलाबी होतं आणि हात ब्युरेटच्या तोटीवरून मागे येतो. वहीत आकडा लिहून वर बघावं, तर द्रावण पुन्हा पाण्यासारखं नितळ. आणखी एक थेंब टाकला की पुन्हा गुलाबी, आणि थोड्या वेळात तो रंगही गेलेला. मग आकडा लिहायचा तो कुठला, आधीचा की आत्ताचा?

आम्ल-आम्लारीचं टायट्रेशन, म्हणजे एकात दुसरं थेंबाथेंबानं मोजून टाकत त्याचं प्रमाण काढणं, शिकवताना आणि करताना मला हा प्रश्न इतर कुठल्याही प्रश्नापेक्षा जास्त वेळा भेटला आहे. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: त्याच बाटलीतल्या सोडियम हायड्रॉक्साइडनं मागच्या वेळी १०.० मिलिलिटर रीडिंग आलं होतं, आज १०.२ का येतंय? बहुतेक वेळा दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच निघतं. आपण मोजत असलेल्या आम्लाखेरीज आणखी एक आम्ल तिथे हजर असतं. ते हवेतून आलेलं असतं आणि आपण त्याला हिशेबात धरलेलं नसतं. पण प्रत्येक वेळी दोष त्याचाच असतो असं नाही, म्हणून आधी तपास आणि मग उपाय.

खाली जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे नेहमीची मांडणी गृहीत धरा: ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, फ्लास्कमध्ये आम्ल आणि दर्शक, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ, फिनॉल्फ्थॅलिन.

आधी घड्याळ बघा

रंग जातो, एवढंच सांगून भागत नाही. किती वेळात जातो, यावर निदान ठरतं.

थेंब पडला तिथे गुलाबी ढग दिसला आणि फ्लास्क हलवताच विरला, तर काहीच बिघडलेलं नाही. थेंबाच्या आसपास क्षणभर अल्काचं, म्हणजे इथे सोडियम हायड्रॉक्साइडचं, प्रमाण जास्त असतं, ढवळल्यावर उरलेलं आम्ल ते संपवून टाकतं. अंतिम बिंदू, म्हणजे जिथे थांबून रीडिंग घ्यायचं तो क्षण, अजून यायचा आहे. हा ढग विरायला लागणारा वेळ वाढू लागला की ब्युरेटची धार बंद करून थेंबाथेंबानं जायचं.

संपूर्ण द्रावण गुलाबी झालं, नीट ढवळून झालं आणि मग वीस सेकंद ते दोन-तीन मिनिटांत रंग उतरला, तर संशय कार्बन डायऑक्साइडवर घ्या. म्हणूनच प्रयोगाच्या सूचनांत ‘रंग ३० सेकंद टिकला पाहिजे’ असं लिहिलेलं असतं. सर्वांत फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की तोच अंतिम बिंदू, तेच रीडिंग. पुढे पाच मिनिटांनी तो फ्लास्क रंगहीन झाला तर त्याच्या मागे लागू नका. उघड्या फ्लास्कमध्ये असं व्हायचंच. ‘उडाला म्हणून आणखी एक थेंब’ करत तीन-चार थेंब जास्त टाकणारे मी खूप पाहिले आहेत. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला तर चार थेंबांत ०.२ मिलिलिटर चुकतं, म्हणजे दहा मिलिलिटरच्या रीडिंगमध्ये थेट दोन टक्के.

हवेतलं आम्ल

कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत हायड्रोजन नाही, मग ते आम्ल कसं? हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि विचारलाच पाहिजे. स्वांटे अऱ्हेनियसच्या व्याख्येनुसार पाण्यात हायड्रोजन आयन देतं ते आम्ल. कार्बन डायऑक्साइड पाण्याशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल होतं आणि ते हायड्रोजन आयन देतं. शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी हवेशी समतोलात आलं की त्याचा सामू, म्हणजे पीएच, ७ राहत नाही, सुमारे ५.६ होतो. पाणी खराब आहे असा त्याचा अर्थ नाही, पाण्यानं हवा पचवली आहे एवढाच.

आता रंग सावकाश का उडतो ते पाहू. आम्ल आणि आम्लारी यांची गाठ पडली की अभिक्रिया जवळपास तत्क्षणी होते, म्हणून हायड्रोक्लोरिक आम्लाचं टायट्रेशन थेंबागणिक चोख चालतं. पण पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी शेकडा एकाहूनही कमी भाग प्रत्यक्ष कार्बोनिक आम्लाच्या रूपात असतो. बाकीचा नुसता विरघळलेला वायू. त्याचं आम्लात रूपांतर व्हायला कित्येक सेकंद लागतात. आपण थेंब टाकतो, सामू ८.२ च्या वर जातो, फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होतं. मग मागे राहिलेला वायू हळूहळू अल्क खात जातो, सामू पुन्हा खाली येतो आणि रंग जातो. रंग सावकाश जाणं ही या गुन्हेगाराची खूण आहे. तीव्र आम्ल उरलं असतं तर रंग टिकलाच नसता.

हे प्रमाण किती मोठं, ते आकड्यांत मांडून पाहा, कारण उपाय करायचा की सोडून द्यायचं हे त्यावर ठरतं. हवेशी समतोलात असलेल्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारण १.४ मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड असतो. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडच्या एका थेंबात ५ मायक्रोमोल अल्क असतं. म्हणजे नेहमीच्या प्रयोगात पाण्यातला वायू एका थेंबाच्या आतच निपटतो. तेच द्रावण ०.०१ मोलर असेल तर एका थेंबात फक्त ०.५ मायक्रोमोल, आणि त्याच पाण्यासाठी जवळजवळ तीन थेंब खर्ची पडतात. विरल द्रावणांनी काम करणाऱ्यांना रंग उडण्याचा त्रास जास्त का होतो, ते इथे दिसतं. हात तेच, काळजी तीच, पण दहापट विरल द्रावणात तोच वायू दहापट जड पडतो.

आणि आपला श्वास! उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्के असतो, बाहेरच्या हवेच्या जवळपास शंभरपट. अंतिम बिंदू जवळ आला की माणूस नकळत फ्लास्कवर वाकतो, श्वास रोखतो आणि मग सोडतो तो नेमका फ्लास्कच्या तोंडात. हे एकदा लक्षात आलं की सवय मोडायला वेळ लागत नाही. फ्लास्कमागे पांढरा कागद ठेवा आणि लांबून बघा.

खात्री करण्याची एक सोपी चाचणी आहे. आम्ल हायड्रोक्लोरिकसारखं तीव्र असेल तर रंग उडालेला तोच फ्लास्क काही मिनिटं मंद उकळा आणि झाकून थंड करा. कार्बन डायऑक्साइडनं तयार केलेलं बायकार्बोनेट उकळण्यानं फुटतं, वायू निघून जातो आणि गुलाबी रंग परत येतो. रंग परत आला तर कारण सापडलं.

उपाय कठीण नाहीत. वापरायचं ऊर्ध्वपातित पाणी दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळून, झाकून थंड करा आणि त्याच दिवशी वापरा. फ्लास्क गोल फिरवा, घुसळू नका. विरल द्रावणांसाठी कोरं टायट्रेशन करा: नमुना न घालता तेवढंच पाणी, तेवढेच दर्शकाचे थेंब, आणि त्याला गुलाबी करायला लागलेलं आकारमान प्रत्येक रीडिंगमधून वजा करा. दर्शकाचे थेंबही मोजून टाका, दोन म्हणजे दोनच. फिनॉल्फ्थॅलिन स्वतः एक सौम्य आम्ल आहे, जास्त टाकलं तर तेही अल्क खातं. ते अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं आणि पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे जास्त थेंबांनी द्रावण गढूळ होऊन रंगाची पहिली छटा ओळखणं अवघड होतं.

बाटलीच बदलली असेल तर

वरचं सगळं पाळूनही दर आठवड्याला रीडिंग थोडं थोडं वाढत असेल, तर फ्लास्क सोडा आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीकडे वळा.

अडीचशे वर्षांपूर्वी रसायनशास्त्रज्ञांना पडलेलं कोडं हेच होतं. अल्कं दोन प्रकारची दिसत, जळजळीत दाहक आणि मवाळ. दाहक अल्क उघडं ठेवलं की मवाळ होई, आणि मवाळ अल्कावर आम्ल टाकलं की ते फसफसे. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश वैज्ञानिकानं १७५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिलं की मवाळ अल्कात एक वायू अडकलेला असतो, दाहकात तो नसतो. त्या वायूला आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. तुमच्या बाटलीत हेच चाललेलं असतं: हायड्रॉक्साइडचं कार्बोनेट होत असतं.

हिशेब नीट बघा, कारण रीडिंगमधला फरक इथून येतो. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू दोन हायड्रॉक्साइड आयन खातो आणि एक कार्बोनेट आयन देतो. फिनॉल्फ्थॅलिनच्या अंतिम बिंदूपर्यंत कार्बोनेट एकच हायड्रोजन आयन घेतं आणि बायकार्बोनेट होऊन थांबतं. दोन गेले, एक परत मिळाला. मिथिल ऑरेंज या दुसऱ्या दर्शकाच्या अंतिम बिंदूपर्यंत मात्र ते दोन्ही हायड्रोजन आयन घेतं, म्हणजे गेलेलं सगळं वसूल. समजा, एक लिटर ०.१ मोलर द्रावणानं २ मिलिमोल कार्बन डायऑक्साइड शोषला. तेवढा वायू सुमारे १२० लिटर हवेत असतो. आता मिथिल ऑरेंजनं द्रावण अजूनही ०.१०० मोलर दिसेल आणि फिनॉल्फ्थॅलिननं ०.०९८. दहा मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्लाला एकाकडून १०.० आणि दुसऱ्याकडून १०.२ रीडिंग मिळेल.

म्हणजे निदानाचं साधन तुमच्या हातातच आहे. तेच आम्ल, तीच बाटली, दोन दर्शक. हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन दोन्हींनी टायट्रेशन करा. रीडिंग जुळली तर बाटली ठीक, फिनॉल्फ्थॅलिनचं मोठं आलं तर कार्बोनेट झालेलं आहे. दुसरी चाचणी आणखी झटपट: परीक्षानळीत थोडं द्रावण घेऊन बेरियम क्लोराइडच्या द्रावणाचे दोन-चार थेंब टाका. पांढरा गढूळपणा आला तर तो बेरियम कार्बोनेटचा. बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी असतात, तेव्हा हात धुवा आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका.

इथे पहिल्या आणि दुसऱ्या तक्रारीची गाठ जुळते. कार्बोनेट झालेलं द्रावण फ्लास्कमधल्या आम्लात पडलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, काही उडतो, काही विरघळलेला राहतो आणि अंतिम बिंदूजवळ तोच रंग उडवतो. पाणी उकळून घेऊनही रंग टिकत नसेल, तर वायू पाण्यातून नव्हे, ब्युरेटमधूनच येतोय.

सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या वजन करून नेमकं ०.१ मोलर द्रावण बनत नाही, हे मनापासून स्वीकारावं लागतं. वजनकाट्यावर ठेवल्या ठेवल्या त्या ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढू लागतात, गोळ्यांवर ओलसर चमक येते आणि आकडा डोळ्यांदेखत सरकतो. २५० मिलिलिटरसाठी १.० ग्रॅम हा हिशेब अंदाजापुरता. खरी संहती, म्हणजे द्रावणातलं अल्काचं प्रमाण, नंतर प्रमाणित (नेमकं प्रमाण माहीत असलेल्या) आम्लानं ठरवायची. मला त्यासाठी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट सर्वांत भरवशाचं वाटतं: ते हवेत बदलत नाही, रेणुभार २०४.२२ असा मोठा असल्यानं वजनातली चूक लहान राहते, आणि ०.५ ग्रॅमला ०.१ मोलर अल्क २४.५ मिलिलिटरच्या आसपास लागतं.

कार्बोनेटपासून सुटायचा जुना आणि उत्तम मार्ग असा. सोडियम हायड्रॉक्साइड आणि पाणी समान वजनांनी घेऊन ५० टक्के संहत द्रावण करा. इतक्या संहत अल्कात सोडियम कार्बोनेट जवळपास विरघळत नाही, काही दिवसांत तळाशी बसतं. वरचं नितळ द्रावण सुमारे ५.३ मिलिलिटर काढून उकळून थंड केलेल्या पाण्यात एक लिटर करा, ०.१ मोलरच्या जवळ जाल. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घातल्याशिवाय मात्र हे करू नका. विरघळताना भांडं पोळण्याइतकं तापतं, म्हणून गोळ्या थोड्या थोड्या करून पाण्यात टाकायच्या, गोळ्यांवर पाणी ओतायचं नाही. संहत अल्काचा डोळ्यात गेलेला थेंब आम्लाच्या थेंबापेक्षा घातक ठरू शकतो, कारण ते ऊतींमध्ये खोलवर उतरत जातं.

साठवण प्लॅस्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत. काचेचं बूच असलेल्या काचेच्या बाटलीत अल्क काच खातं, सिलिकेट बनवतं आणि बूच असं बसतं की निघता निघत नाही. काचेच्या तोटीच्या ब्युरेटचं तेच होतं, काम संपताच ती आधी पाण्यानं, मग विरल आम्लानं, पुन्हा पाण्यानं धुवा.

बाटली बदलणं शक्य नसेल तर निदान एवढं करा: ज्या दिवशी वापरायची त्याच दिवशी, त्याच दर्शकानं संहती पुन्हा ठरवा. फिनॉल्फ्थॅलिननं ठरवून फिनॉल्फ्थॅलिननंच नमुना मोजला तर कार्बोनेटमुळे येणारी चूक दोन्हीकडे सारखी पडते आणि बरीचशी वजा होते. एका दर्शकानं ठरवून दुसऱ्यानं मोजलं तर ती पूर्ण अंगावर येते.

रंग उडत नाही, उलट परत परत येतो

हीच तक्रार आरशात पाहिल्यासारखी उलटी होऊनही येते. फ्लास्कमध्ये मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडसारखा पदार्थ, दर्शक फिनॉल्फ्थॅलिन, ब्युरेटमधून आम्ल. गुलाबी रंग गेला, रीडिंग घेतलं, मिनिटाभरात द्रावण पुन्हा गुलाबी. आणखी आम्ल, पुन्हा तेच.

इथे आम्लारी आणि अल्क यांतला फरक कामाला येतो. आम्लाशी अभिक्रिया करून क्षार आणि पाणी देणारी ती आम्लारी. त्यांपैकी पाण्यात विरघळून हायड्रॉक्साइड आयन देणारी ती अल्क. सगळी अल्कं आम्लारी असतात, सगळ्या आम्लारी अल्क नसतात. सोडियम आणि पोटॅशियमची हायड्रॉक्साइडं अल्क आहेत. कॉपर ऑक्साइड आम्लारी आहे, पण पाण्यात त्याचं काही होत नाही. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड लिटरभर पाण्यात जेमतेम दहा-बारा मिलिग्रॅम विरघळतं. दर्शकाला दिसतो तो एवढाच विरघळलेला भाग. आम्ल तो संपवतं, रंग जातो, मग तळाचा गाळ पुन्हा थोडा विरघळतो आणि रंग परत येतो. दर्शक खोटं बोलत नाही, त्याला गाळ दिसतच नाही.

अशा वेळी सरळ टायट्रेशनचा नाद सोडून उलट टायट्रेशन करा. नमुन्यात मोजून जास्तीचं आम्ल घाला, गाळ पूर्ण विरघळू द्या, मग उरलेलं आम्ल अल्कानं मोजा. ०.१ ग्रॅम शुद्ध मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडला ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर घातलं, तर ३४.३ मिलिलिटर खर्ची पडतं आणि उरलेल्या आम्लाला ०.१ मोलर अल्क १५.७ मिलिलिटर लागतं. दर्शक मिथिल रेड किंवा ब्रोमोथायमॉल ब्ल्यू घ्या. सामू ९ च्या पुढे सरकला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पुन्हा गाळ होऊन बसू लागतं, त्यामुळे इथे फिनॉल्फ्थॅलिन नको.

शब्दांचाही एक गोंधळ इथेच मोकळा करतो, कारण त्यापायी सूचना चुकीच्या वाचल्या जातात. आपल्या शालेय पुस्तकांत क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून मिळणारा पदार्थ, उदाहरणार्थ सोडियम क्लोराइड. हिंदी पुस्तकांत त्याला लवण म्हणतात आणि क्षार हा शब्द अल्कासाठी वापरतात. जुन्या मराठी लिखाणातही क्षार अल्काच्या अर्थानं सापडतो. ‘क्षाराचं द्रावण घ्या’ असं वाक्य दिसलं तर ते कुठल्या अर्थानं आहे याची खात्री करूनच बाटली उचला.

तिन्ही रीडिंग जुळतात, तरी उत्तर चूक

हा प्रकार जास्त फसवा, कारण जुळणारी रीडिंग पाहून मन निर्धास्त होतं. अशा वेळी हाताची सफाई नव्हे, हिशेब तपासा.

ऑक्झॅलिक आम्ल वापरत असाल आणि १० मिलिलिटरऐवजी सातत्यानं ७.१ च्या आसपास येत असेल, तर बाटलीवरचं नाव पुन्हा वाचा. स्फटिकी ऑक्झॅलिक आम्लात पाण्याचे दोन रेणू असतात, रेणुभार १२६. कोरड्या आम्लाचा ९० धरून ०.०५ मोलरसाठी लिटरला ४.५ ग्रॅम घेतलं असेल, तर द्रावण प्रत्यक्षात ०.०३६ मोलरच होतं. हवं होतं ६.३ ग्रॅम. आणि उत्तर बरोबर दुप्पट किंवा निम्मं येत असेल, तर आम्ल द्विआम्लधर्मी आहे हे विसरलं गेलंय: ऑक्झॅलिक किंवा सल्फ्युरिक आम्लाच्या एका मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात.

धुण्याचा नियमही इथेच मोडतो. ब्युरेट आणि पिपेट शेवटी त्यात भरायच्या द्रावणानंच विसळायचे, फ्लास्क मात्र फक्त पाण्यानं. ब्युरेट पाण्यानं ओली राहिली तर अल्क विरल होऊन रीडिंग वाढतं. फ्लास्क आम्लानं विसळला तर आत जादा आम्ल राहून पुन्हा रीडिंग वाढतं. पहिलंच रीडिंग वेगळं आणि पुढची जुळणारी असतील, तर ब्युरेटच्या टोकातला हवेचा बुडबुडा मधेच निघून गेला असेल.

सामू सारखा, मग अल्क जास्त का लागलं?

दोन नमुने, दोन्हींचा सामू ३. एक हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसरं ॲसेटिक आम्ल. सामू सारखा म्हणून अल्कही सारखंच लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात ॲसेटिक आम्लाला जवळजवळ ५८ पट अल्क लागतं. हे पहिल्यांदा करून पाहणाऱ्याला वाटतं, नक्कीच काहीतरी बिघडलंय.

गडबड तीव्र आणि संहत या दोन शब्दांची अदलाबदल झाल्यामुळे होते. आम्ल तीव्र की सौम्य हे त्याच्या रेणूंपैकी किती फुटून आयन होतात यावर ठरतं, ते त्या पदार्थाचं अंगचं लक्षण. संहत की विरल हे आपण पाणी किती घातलं यावर ठरतं. बोलताना ‘पाणी घालून आम्ल सौम्य केलं’ असं आपण सहज म्हणतो, पण हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही पाणी घातलं तरी विरल होतं, सौम्य नव्हे. सामू त्या क्षणी मोकळे असलेले हायड्रोजन आयन मोजतो. टायट्रेशन मोकळे आणि बांधलेले दोन्ही मोजतं, कारण मोकळे आयन अल्कानं खाल्ले की रेणू आणखी फुटतात. सामू ३ असायला हायड्रोक्लोरिक आम्ल ०.००१ मोलर पुरतं, ॲसेटिक आम्ल मात्र सुमारे ०.०५८ मोलर असावं लागतं.

दर्शकाची निवडही इथेच ठरते. ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल तेवढ्याच अल्कानं पूर्ण उदासीन झालं की फ्लास्कमधला सामू ७ नसतो, ८.७ असतो, कारण उरलेला ॲसिटेट आयन स्वतः दुर्बल आम्लारी आहे. ३.१ ते ४.४ मध्ये रंग बदलणारं मिथिल ऑरेंज इथे निम्मं टायट्रेशन होण्याआधीच रंग बदलून मोकळं होतं, आणि तो बदलही झटक्यात न होता लांबत जातो. रंग नेमका कधी बदलला तेच कळत नसेल तर आधी हेच तपासा. अमोनियाचं उलट आहे. त्याच्या सूत्रात हायड्रॉक्साइड नाही, तरी ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी १९२३ मध्ये मांडलेल्या व्याख्येनुसार तो पाण्याकडून प्रोटॉन घेतो म्हणून आम्लारी. ती दुर्बल असल्यानं हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबरचा तिचा समतुल्य बिंदू, म्हणजे दोन्ही नेमके पुरे पडतात ती जागा, सुमारे ५.३ सामूला येतो. तिथे फिनॉल्फ्थॅलिनचा रंग फार आधी आणि रेंगाळत जातो, ४.२ ते ६.३ मध्ये बदलणारं मिथिल रेड घ्या.

क्वचित भेटणारी दोन कारणं

फ्लास्कमध्ये १ मोलरच्या आसपासचं संहत अल्क घेऊन त्यात आधीच फिनॉल्फ्थॅलिन टाकलं, तर गडद गुलाबी रंग आम्लाचा एक थेंबही न पडता ओसरू लागतो. इतक्या संहत अल्कात, सामू १३ च्या पुढे, या दर्शकाचं आणखी एक रूप बनतं आणि ते रंगहीन असतं. आम्ल घालत गेलं की रंग पुन्हा दिसू शकतो, त्यामुळे माणूस पुरता चक्रावतो. नमुना आधी विरल करा, नाहीतर दर्शक शेवटाकडे टाका.

दुसरं कारण एस्टर. ॲस्पिरिनसारख्या नमुन्यात आम्लगटाशेजारीच एस्टर गट असतो. अल्क आम्लगट लगेच उदासीन करतं, आणि मग एस्टर हळूहळू फुटून नवं आम्ल मोकळं करत राहतो. गुलाबी रंग उडतो तो असा, आणि इथे उकळण्याची चाचणी लावली तर रंग परत येण्याऐवजी एस्टर आणखी फुटतो. असा नमुना थंड अल्कोहोलमध्ये विरघळवा, बर्फात ठेवून थंड राखा, भरभर टायट्रेशन करा आणि पहिली टिकलेली छटा येताच रीडिंग घ्या. अल्कोहोलमध्येही थोडं आम्ल असू शकतं, म्हणून नमुना घालण्याआधी ते फिनॉल्फ्थॅलिन टाकून अल्काच्या एक-दोन थेंबांनी फिकट गुलाबी करून घ्या.